मदत हवी आहे : आईच्या नाकावरची शस्त्रक्रिया, मोह्ज की साधी?

शुभदा_क
आईची बायोप्सी कॅन्सरची आली, त्वचेचा. एक सर्जन म्हणतात मंगळवारी काढून लगेच फ्लॅप लावू, म्हणजे शेजारची कातडी सरकवून जखम झाकू. दुसरे म्हणतात मोह्ज करा (थर काढत, लगेच तपासत जायची शस्त्रक्रिया), पण आमच्या गावात ती कुणी करत नाही. उद्या सर्जनना हो की नाही कळवायचंय. अनुभव असलेल्यांनीच लिहा.

रानवारा
कॅन्सरचा प्रकार कोणता : बेसल सेल, स्क्वेमस की मेलानोमा? तिन्हींचं गणित वेगळं. वय? गाठ केवढी?

शुभदा_क
बेसल सेल. वय 74. नाकपुडीच्या कडेला, हरभऱ्याएवढी. आता सांगा.

पेठकर
बेसल सेल म्हणजे घाबरायचं कारणच नाही, शरीरात सहसा पसरत नाही. काकांच्या पाठीवर होता, भोवतीची 4 मिमी चांगली कातडी घेऊन काढला, संध्याकाळी घरी. मोह्जला दिवसभर ताटकळायचं आणि खर्च वेगळा.

स्लाइडवाली
पेठकर, पाठ आणि नाक एक नाही. 4 मिमी लहान, स्पष्ट कडांच्या गाठीसाठी ठीक. नाक, पापणी, कान इथे ती कातडीखाली दिसते त्यापेक्षा लांब गेलेली असू शकते, आणि जास्तीची कातडी घ्यायला जागाही नसते. मी पॅथॉलॉजीत काम करते. नेहमीच्या तपासणीत तुकड्याचे पावासारखे उभे काप करतो, त्यात कडेचा फार थोडा भाग नजरेखालून जातो. मोह्जमध्ये पातळ थर काढून त्याची सगळी कड आणि तळ त्याच दिवशी बघतात, उरलं असेल तिथूनच पुढचा थर. शुभदा, रिपोर्टवर प्रकार काय लिहिलाय? नोड्युलर (गोल गाठीसारखा), की इन्फिल्ट्रेटिव्ह (बारीक फाटे फुटून आत शिरणारा)?

वनौषधी_प्रेमी
कापाकापीआधी काळा लेप लावून बघा, गाठ आपोआप गळून पडते.

स्लाइडवाली
कृपा करून नको. वर खपली धरून जखम भरल्यासारखी दिसते आणि खाली गाठ वाढत राहते. असे रुग्ण नंतर अर्धं नाक गमावून येतात.

जुनाजाणता
टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी 1945 साली धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेला होणाऱ्या कॅन्सरवर लिहिलं होतं. साडीमुळेही होतो. बायकांनी परकराची नाडी सैल बांधावी.

शुभदा_क
काका, नाकाचं विचारतेय. रिपोर्टवर इन्फिल्ट्रेटिव्ह आहे. तिथेच आधी एक तीळ काढला होता, तो तपासायला पाठवलाच नव्हता.

स्लाइडवाली
अहो, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं! त्याच जागी परत आलेली असू शकते, त्यात इन्फिल्ट्रेटिव्ह. मोह्ज अशांसाठीच असते. जमत नसेल तर सर्जनना एवढंच विचारा : कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत फ्लॅप थांबवाल का? तोवर नुसतं ड्रेसिंग चालतं. आधीच फ्लॅप लावला आणि खाली काही राहिलं, तर कातडी सरकलेली असते, शोधणं अवघड.

पेठकर
फ्रोझन सेक्शनही करतात, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासतात. पण हो, परत आलेली असेल तर माझा सल्ला लागू नाही.

रानवारा
रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का?

शुभदा_क
हो, स्टेंट आहे. बंद करू का?

रानवारा
मनाने अजिबात नको. हार्टच्या डॉक्टरांना विचारा आणि सर्जनना आजच सांगा.

शुभदा_क
सर्जनशी बोलले. मंगळवार रद्द. फ्लॅप थांबवायला तयार आहेत, पण आधी मोह्जसाठी मुंबईला दाखवा म्हणाले, चिठ्ठी देतायत. जाताना बायोप्सीचा कागद पुरेल की स्लाइडही न्यायच्या?

स्लाइडवाली
स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) दोन्ही लॅबमधून मागून घ्या.

पेठकर
मेडिक्लेम असेल तर आधी मंजुरी घ्या.