मदत हवी आहे : मिसळणाच्या डब्यात खाऊ दिला, पण शेव संपते आणि बाकी सगळं उरतं

नमस्कार मंडळी,

आम्ही भुसावळजवळ राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी दोनची. चार वाजले की दोघांना भूक लागते आणि हवा असतो तो दुकानातला पुडा. तो बंद करायचा म्हणून मागच्या आठवड्यात व्हिडिओ बघून काकडीची मगर केली. पाऊण तास गेला त्यात! मुलगा तिच्याशी लढाई लढला, डोळ्यांच्या जागी लावलेले डाळिंबाचे दोन दाणे खाल्ले आणि मगर सोफ्याखाली. सासूबाई म्हणाल्या, "पोराले खायाले दे, खेयाले नको."

मग माळ्यावरून कोरा मिसळणाचा डबा काढला (लग्नात तीन आले होते, वापरात एकच). सात वाट्या, प्रत्येकीत दोन-दोन घास. ही युक्ती मात्र चालली. झाकण आपल्या हाताने उघडायचं, खरी मजा त्यातच आहे. काल भरलं होतं ते असं : कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीचे बोटाएवढे तुकडे, घट्ट दही, वाफवलेल्या गाजराच्या काड्या, बिया काढलेला पेरू, ज्वारीच्या लाह्या, केळ्याच्या चकत्या. मधल्या वाटीत आजीची तिखट शेव, कारण तिच्याशिवाय आमच्याकडे पानच वाढलं जात नाही.

आता अडचण. मुलगा आधी शेव फस्त करतो, मग "अजून!" आजी लगेच मूठभर टाकतात. भाकरी-गाजर तसंच. केळं दहा मिनिटांत काळं पडतं, मग "घाण आहे" म्हणून तेही परत. केळ्याच्या फण्या घरात लटकताहेत आणि पोरं खात नाहीत, लाज वाटते हो. साखर-गूळ न घालता, दहा मिनिटांत होईल असं काही सुचवा. मगरी नकोत.

प्रतिसाद : ताई, बाकीचं नंतर, आधी धाकटीचं बघा. दोन वर्षांच्या बाळाला लाह्या देऊ नका, घशात अडकतात. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षंही नकोत. द्राक्ष उभं चिरून चार भाग करा, शेंगदाण्याचा बारीक कूट दह्यात कालवा. गाजर वाफवलंत ते बरं केलंत, कच्चं कडक असतं. आणि दोघांना बसवूनच द्या. एकाच डब्यात दोघांचे हात गेले की दादाच्या लाह्या तिच्या तोंडात जाणारच, तेव्हा तिची ताटली वेगळी.

प्रतिसाद : धुळ्याहून. शेव काढू नका, काढली की तिचा भाव आणखी वाढेल. बाकीच्या वाट्यांइतकीच ठेवा आणि संपली की "उद्या". बाकीचं खाल्लंस तर शेव, असा सौदा मात्र करू नका, मग गाजर म्हणजे शिक्षा ठरते. काय आणि किती वाजता वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. आमच्या पोरीने वाफवलेला दुधी दहा-बारा वेळा नुसता चिवडला, मग एके दिवशी खाल्ला. आम्ही काहीच बोललो नाही. आजींना मात्र डबा भरायचं काम द्या. भरणाऱ्याचा हात वाढणाऱ्यापेक्षा आखडता असतो, अनुभव आहे!

केळं आधी कापूच नका, मुलालाच दोऱ्याने कापू द्या. सोललेल्या केळ्याखालून जाड दोरा घ्यायचा, वर टोकं एकमेकांवरून नेऊन ओढायची, चकती पडते. सुरी नाही, रक्त नाही. आधी कापायचंच असेल तर वर लिंबाचे दोन थेंब.

मी पुन्हा : लाह्या धाकटीच्या ताटलीतून बाद. दोरा आज करून पाहिला. मुलाने अडीच केळी कापली, दीड खाल्लं, उरलेलं बहिणीला "भरवलं". शेव आजींनी स्वतः चिमटीने मोजून घातली आणि "अजून" ऐकून आत निघून गेल्या. भाकरीचा एकच तुकडा गेला. आता दोरा घेऊन काकडीच्या मागे लागलाय, ती काही कापली जात नाहीये.