शब्दचर्चा : 'ऑडिओ डिस्क्रिप्शन'ला मराठीत काय म्हणावे?

ऐरोलीकर

ऐरोली-घणसोली भागातल्या दृष्टिबाधित ज्येष्ठांसाठी एक मराठी माहितीपत्रक तयार होत आहे. विषय : मोबाइलवर आणि टीव्हीवर ओटीटी कसे वापरायचे. पत्रक मोठ्या अक्षरांत छापले जाईल आणि व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणूनही जाईल. म्हणजे बऱ्याच जणांना ते टॉकबॅकच (अँड्रॉइड फोनवरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) वाचून दाखवणार. तेव्हा शब्द डोळ्यांना बरा दिसून भागणार नाही, कानाला एका फटक्यात कळला पाहिजे.

तीन शब्दांवर अडले आहे. पहिला 'ऑडिओ डिस्क्रिप्शन', म्हणजे संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडद्यावर काय घडते आहे ते सांगणारा आवाज. मसुद्यात त्याला 'ध्वनिवर्णन' लिहिले आहे. दुसरा 'ॲक्सेसिबिलिटी', म्हणजे दिव्यांगांनाही एखादी गोष्ट वापरता येणे. तिसरा 'लो व्हिजन', म्हणजे पूर्ण अंधत्व नाही, पण चष्म्यानेही पुरेसे दिसत नाही अशी स्थिती. जाणकारांनी कृपया सुचवावे.

नौपाडकर

'ध्वनिवर्णन' नको, हे ठामपणे सांगतो. समास सोडवून पाहा. मराठी कानाला तो 'ध्वनीचे वर्णन' असाच ऐकू येतो. 'ध्वनीतून केलेले वर्णन' हा अर्थ मागून लावून घ्यावा लागतो. त्यातून अडचण अशी की ध्वनीचे वर्णन ही खरोखरच एक वेगळी सोय आहे. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी जे क्लोज्ड कॅप्शन असतात, त्यांत संवादाबरोबर 'दार करकरते', 'लांबून लोकलचा भोंगा' असे कंसात लिहिलेले असते, ते ध्वनीचे वर्णन. तुमच्या पत्रकात उद्या दोन्ही सोयी आल्या, तर एकीचे नाव दुसरीला चिकटेल.

'श्राव्य वर्णन' त्यापेक्षा बरे, पण बोललेले कुठलेही वर्णन श्राव्यच असते. कशाचे वर्णन, ते त्यात येत नाही. 'समालोचन' हा आकाशवाणीने रुळवलेला सुंदर शब्द आहे, मात्र त्यात बोलणाऱ्याचे मत येते. फटका चांगला की वाईट हे समालोचक सांगतो. इथे मत द्यायचे नसते. 'ती दुःखी आहे' असे म्हणायचे नाही, 'तिचे डोळे भरून येतात' म्हणायचे आणि दुःख प्रेक्षकावर सोडायचे. 'निवेदन'ही बाद, कारण कित्येक चित्रपटांत कथेतलाच एक निवेदक असतो. तो आवाज सगळ्यांना ऐकू येतो आणि त्याचा या सोयीशी संबंध नाही.

माझी पसंती दृश्यवर्णन. दृश्याचे वर्णन, एवढाच अर्थ निघतो. उच्चार सोपा आणि क्रियापदही सहज जुळते : 'दृश्यवर्णन लावा', 'याला दृश्यवर्णन आहे का?'

घोडबंदर_रोड

'दृश्यवर्णन' पटले. पण पत्रकात फक्त तेच लिहिलेत, तर लोक टीव्हीच्या मेन्यूत ते शोधत बसतील आणि सापडणार नाही. ॲपची भाषा इंग्रजी असेल तर तिथे इंग्रजी नाव आहे. हिंदी केली असेल तर हिंदीत काहीतरी तिसरेच असेल. म्हणून समजावताना दृश्यवर्णन म्हणा, पण बटण दाबायच्या पायरीवर पडद्यावर ऐकू येणारे नाव जसेच्या तसे द्या : 'ऑडिओ डिस्क्रिप्शन'.

शिवाय काही सेवा जागा वाचवायला 'ए' आणि 'डी' ही दोनच इंग्रजी अक्षरे लावतात. काही आवाज ती अक्षरे सुटी न वाचता जोडून 'ॲड' असे वाचतात, आणि आपल्याकडे ॲड म्हणजे जाहिरात. ऐकणारा ती ओळ सोडून पुढे जातो. पत्रकात ही सूचना वेगळी द्याच : भाषांच्या यादीत 'हिंदी ॲड' असे काही ऐकू आले तर ती जाहिरात नाही, तेच दृश्यवर्णन.

पायऱ्यांबद्दल थोडे. दृश्यवर्णन हा वेगळा चित्रपट नसतो, त्याच चित्रपटाचा दुसरा ऑडिओ ट्रॅक असतो. त्यामुळे चित्रपट सुरू करून प्लेअरमधल्या 'ऑडिओ आणि सबटायटल्स'मध्ये जायचे, तिथे भाषांच्या यादीत तो ट्रॅक निवडायचा. पण टॉकबॅक चालू असताना अडचण येते. पडद्यावर दोनदा टॅप केले की बटणे येतात आणि काही सेकंदांत गायब होतात. बोट सरकवत ऑडिओच्या बटणापर्यंत पोचायच्या आत यादीच निघून जाते. यावर उपाय आहे. अँड्रॉइड १० पासून सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात 'कृती करण्यासाठी वेळ' अशा अर्थाचा पर्याय असतो. तो १० सेकंदांपासून २ मिनिटांपर्यंत वाढवता येतो. २ मिनिटे ठेवा. सगळी ॲप तो पाळत नाहीत. जिथे पाळत नाहीत, तिथे आधी चित्रपट थांबवायचा (पॉज) आणि मग बटण शोधायचे.

अँड्रॉइड १३ पासून आणि आयफोनवरही 'दृश्यवर्णन असेल तर आपोआप लाव' अशी फोनभराची सेटिंग ॲक्सेसिबिलिटीतच आहे. ती एकदा चालू करून ठेवली की जी ॲप तिला मानतात, त्यांच्यात रोजची शोधाशोध वाचते.

टीव्हीवर सर्वांत जास्त फसवणारी जागा सांगतो. बऱ्याच टीव्हींच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओ डिस्क्रिप्शनचे बटण असते. ते अँटेना किंवा केबलवरून टीव्हीत थेट येणाऱ्या वाहिन्यांसाठी असते. ते चालू केले म्हणून ओटीटी ॲपमध्ये काही बदलत नाही. लोक ते चालू करतात, काही ऐकू येत नाही, आणि 'आमच्या टीव्हीत ही सोय चालत नाही' असे ठरवून मोकळे होतात. ॲपमधला ट्रॅक ॲपमध्येच निवडावा लागतो.

कोपरखैरणे

दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाबद्दल लिहिते.

'ॲक्सेसिबिलिटी'ला सरकारी हिंदीत 'सुगम्यता' आहे. ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानामुळे तो मराठीतही ऐकू येतो. नुसते 'सुगम' म्हटले की आपल्याला सुगम संगीत आठवते, 'सुलभ' म्हटले की स्टेशनबाहेरचे शौचालय. तरीही मी सुलभता घेईन, कारण 'वापरायला सुलभ' ही रचना ज्येष्ठांच्या बोलण्यात आधीपासून आहे. 'प्रवेशयोग्यता' अजिबात नको. त्यात दार दिसते, वापर दिसत नाही. कायद्याच्या संदर्भात सुगम्यता लिहा, ओटीटीबद्दल लिहिताना सुलभता.

'लो व्हिजन'साठी अल्पदृष्टी वापरा. 'मंददृष्टी' जुन्या लिखाणात सापडतो, पण 'मंद' माणसाला चिकटतो. 'दृष्टिबाधित' हा अंध आणि अल्पदृष्टी अशा दोघांना पोटात घेणारा शब्द आहे, त्यामुळे 'अंध आणि दृष्टिबाधित' असे जोडीने लिहू नका. 'अंध आणि अल्पदृष्टी असलेले' लिहा.

हा फरक शब्दांपुरता नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दोन्हींच्या व्याख्या आकड्यांत आहेत. चांगल्या डोळ्याने, शक्य तो सर्वोत्तम चष्मा लावूनही दृष्टी ३/६० पेक्षा कमी, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी, तर अंधत्व. ६/१८ ते ३/६० च्या दरम्यान, किंवा दृष्टिक्षेत्र ४० ते १० अंशांच्या दरम्यान, तर अल्पदृष्टी. ३/६० म्हणजे सामान्य डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसते, ते या व्यक्तीला ३ मीटरवरून दिसते.

अल्पदृष्टीत हे दोन प्रकार असल्यामुळे सल्लाही दोन प्रकारचा लागतो. तीक्ष्णता कमी असेल तर अक्षर मोठे करा. पण ज्यांचे दृष्टिक्षेत्रच आक्रसले आहे, नळीतून पाहावे तसे मधलेच दिसते, त्यांना मोठे केलेले सबटायटल एका नजरेत मावत नाही. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान फिरवेपर्यंत ओळ जाते. त्यांना मध्यम आकार, पण ठळक फरक हवा : पिवळी किंवा पांढरी अक्षरे आणि मागे पूर्ण काळी पट्टी. नुसती सावली असलेली पांढरी अक्षरे बर्फात, आकाशात, पांढऱ्या सदऱ्यावर विरघळतात. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांचे प्रमाण किमान ४.५ : १ मागितले आहे. काळ्या पट्टीवर ते कधीच चुकत नाही. बऱ्याच सेवांत सबटायटलचा रंग, आकार आणि पट्टी बदलता येते. कधी ते प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये असते, कधी फोनच्या किंवा टीव्हीच्या. दोन्हीकडे पाहायला सांगा.

एक बारीक गोष्ट. 'स्क्रीन रीडर'ला, म्हणजे फोनच्या पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या सोयीला, 'पडदावाचक' करू नका. सिनेमाच्या संदर्भात पडदा म्हणजे थिएटरचा पडदा आणि वाचक म्हणजे माणूस. लोक 'टॉकबॅक' म्हणतात, आयफोनवाले 'व्हॉइसओव्हर'. तेच ठेवा.

ऐरोलीकर

ताई, नौपाडकर, आभार. 'दृश्यवर्णन', 'सुलभता', 'अल्पदृष्टी' पक्के. आणखी एक विनंती. पत्रकात दृश्यवर्णन म्हणजे नेमके कसे असते याचा दोन-चार ओळींचा मराठी नमुना टाकायचा आहे. तो कसा लिहावा?

नौपाडकर

आधी जागा मोजा, मग लिहा. दोन संवादांच्या मध्ये ४-५ सेकंदांची जागा असेल, तर सावकाश, स्पष्ट मराठीत ८ ते १० शब्द बसतात. त्याहून जास्त घातले की वाचणारा धावतो आणि ऐकणारा सुटतो.

समजा दृश्य ठाणे स्टेशनच्या पुलावरचे आहे. नवखा लेखक लिहील : 'ठाणे स्टेशनच्या पुलावर खूप गर्दी दिसत आहे आणि त्या गर्दीतून एक तरुण मुलगी घाईघाईने जिना उतरत आहे.' शब्द १७. आता हेच असे करा : 'ठाणे स्टेशनचा पूल. गर्दीतून मीरा धावत जिना उतरते.' शब्द ८, आणि काहीही गळले नाही. 'दिसत आहे' काढले, कारण सांगितले म्हणजे दिसतेच आहे. 'उतरत आहे'चे 'उतरते' झाले. दृश्यवर्णनात साधा वर्तमानकाळ चालतो : येते, वळतो, उघडते.

मराठीची खरी अडचण वाक्याच्या शेवटी आहे. आपले क्रियापद शेवटी येते, आणि पुढचा संवाद नेमका तेव्हाच सुरू झाला तर कृतीच ऐकू येत नाही. 'अंधाऱ्या खोलीतल्या कपाटामागे लपवलेली पेटी तो...' आणि संवाद. पेटी उचलली, उघडली की फेकली? म्हणून लांब विशेषणे पुढे लादू नयेत. वाक्य तोडावे. 'अंधारी खोली. तो पेटी उघडतो. ती कपाटामागे होती.' शेवटचे गेले तरी चालेल, मधले गेले तर नाही.

दुसरी बाब लिंगाची. मराठी क्रियापद स्त्री-पुरुष सांगून टाकते. त्याचा फायदा असा की 'वळतो' म्हटले की अजय आणि 'वळते' म्हटले की मीरा, दर वेळी नाव घ्यावे लागत नाही. तोटा रहस्यपटात. रेनकोट आणि टोपी घातलेले कुणीतरी खोलीत येते. डोळस प्रेक्षकाला तो पुरुष की बाई ते कळलेले नाही. तुम्ही 'आत येतो' म्हटलेत की रहस्य फुटले. तिथे 'कुणीतरी आत येतं' म्हणावे. 'एक व्यक्ती आत येते'ही चालते, पण व्यक्ती स्त्रीलिंगी असल्याने काहींचा समज बाई असा होऊ शकतो. मी 'कुणीतरी'च्या बाजूने आहे. प्रेक्षकाला डोळस शेजाऱ्याच्या आधीही कळू नये आणि नंतरही नाही. यात तडजोड नको.

आणि वर्णन जागा मिळेल तिथे घालायचे नसते. गाणे, हुंदका, पावसाचा आवाज, मुद्दाम ठेवलेली शांतता हेही चित्रपटच आहेत. त्यांच्यावर बोलू नये.

घोडबंदर_रोड

आता काय चुकते, ते लिहितो. पत्रकात याला जागा ठेवा, कारण लोक पहिल्या अपयशावर सोडून देतात.

दृश्यवर्णन बहुतेकदा एकाच भाषेच्या ट्रॅकला असते. चित्रपट हिंदी डबिंगमध्ये लावला आणि वर्णन फक्त मूळ इंग्रजीला असेल, तर हिंदी निवडताच ते जाते. एकाच चित्रपटाला एका सेवेवर दृश्यवर्णन असते आणि तो दुसरीकडे गेला की नसते, कारण चित्रपटाचे हक्क हलले तरी वर्णनाचा ट्रॅक सोबत दिला जाईलच असे नाही. डाउनलोड करून पाहणार असाल, तर विमान मोड लावून एकदा तपासा. कधी कधी निवडलेल्या भाषेचाच ट्रॅक उतरतो. पुढचा भाग आपोआप सुरू झाल्यावर वर्णन गेले असे वाटले, तर ऑडिओची यादी परत उघडा.

टॉकबॅक बोलू लागला की चित्रपटाचा आवाज खाली जातो. हा बिघाड नाही, ते मुद्दाम तसे केलेले आहे. टॉकबॅकचा आवाज वेगळ्या व्हॉल्यूमने कमी-जास्त होतो. टॉकबॅक बोलत असताना व्हॉल्यूमचे बटण दाबा, म्हणजे तोच बदलतो. फायर टीव्हीवर बोलणारा मेन्यू हवा तर रिमोटवरची 'मागे' आणि 'मेन्यू' ही बटणे एकत्र २ सेकंद दाबून धरायची. त्याला व्हॉइसव्ह्यू म्हणतात.

ग्राहकसेवेला फोन करताना शब्द जपून वापरा. 'वर्णनाचा आवाज नाही' म्हटले की समोरून हमखास 'डबिंग उपलब्ध आहे' किंवा 'टीव्हीचा आवाज तपासा' असे उत्तर येते. लेखी तक्रारच करा आणि ती अशी : 'अमुक चित्रपट, हिंदी भाषा, अँड्रॉइड फोन, ॲपची आवृत्ती अमुक. ऑडिओच्या यादीत ऑडिओ डिस्क्रिप्शनचा ट्रॅक नाही. तो उपलब्ध करावा. टॉकबॅकवर प्लेअरमधील ऑडिओचे बटण नावाशिवाय, नुसते बटण असे वाचले जाते. त्याला नाव द्यावे.' या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. पहिली आशयाची, दुसरी ॲपची. बहुतेक वेळा त्या वेगवेगळ्या लोकांकडे जातात, म्हणून दोन मेल करा.

कायद्याचा आधार हवा तर वर ताईंनी सांगितलेल्याच अधिनियमाचे कलम ४२ लिहा. इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषेतला दुभाषा आणि क्लोज्ड कॅप्शन मिळतील अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मोठ्या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटी आवृत्तीत ऑडिओ डिस्क्रिप्शन आणि क्लोज्ड कॅप्शन द्यायला सांगितले होते. तक्रारीत सोयीचे नाव मात्र कायद्याच्या मूळ शब्दांत घाला, तिथे 'दृश्यवर्णन' नको.

कोपरखैरणे

एक राहिले. पत्रकात ट्रॅकचे नाव लिहिताना 'मराठी (दृश्यवर्णन)' असे कंसात नको. विरामचिन्हे वाचायची सेटिंग चालू असेल तर कंसही मोठ्याने वाचला जातो. 'मराठी, दृश्यवर्णनासह' लिहा. भाषा आधी, कारण यादी सरकवणारा माणूस भाषेचे नाव ऐकत पुढे जात असतो. 'दृश्यवर्णन' आधी ठेवलेत तर प्रत्येक ओळीवर तोच शब्द पूर्ण ऐकावा लागेल.

ऐरोलीकर

'मराठी, दृश्यवर्णनासह' घेतले. नौपाडकर, पुलाचे ते आठ शब्द नमुना म्हणून छापते, आणि १७ शब्दांचे वाक्यही त्याच्या वर ठेवते.

नौपाडकर

जरूर छापा. फक्त व्हॉट्सॲपच्या मजकुरात दोन्ही नमुन्यांच्या आधी 'पहिला मसुदा' आणि 'सुधारलेला' असे शब्दांत लिहा. रंगाने किंवा ठळक अक्षराने फरक दाखवलात तर तो टॉकबॅकला कळणार नाही.