सप्तशृंगी गडाच्या घाटात मारुती ८०० जास्त मजा देते की पोर्शे ९११?

गंगापूररोडकर:
मंडळी, आमच्याकडे बाबांची ९६ ची ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, चोक ओढून अजूनही चालू होते. दिवाळीत मुंबईचा मामेभाऊ त्याची ९११ घेऊन आला, सेकंडहँड आहे पण गाडी कडक. नांदुरीहून गडावर दोन्ही नेल्या, चढताना मी ८०० चालवली, उतरताना ९११. खरं सांगू, मजा ८०० मध्ये जास्त आली. भाऊ म्हणतो तुला गाडीतलं काही कळत नाही. हे नुसतं घरच्या गाडीचं प्रेम की खरंच काही कारण आहे?

सातपूरचा_फिटर:
कारण आहे ना भाऊ. ८०० ला ताकद जेमतेम ३७ बीएचपी, वजन साडेसहाशे किलो. नवी ९११ कॅरेरा पावणेचारशेच्या वर आणि दीड टन, म्हणजे किलोमागे ताकद चौपटीहून जास्त. पण गडावर ८०० चा सेकंड गिअर पार पिळून काढावा लागतो, थर्ड टाकला की बसते, परत सेकंड, म्हणजे अख्खं इंजिन तू वापरतोयस. ९११ चा सेकंड संपेपर्यंत शंभरच्या आसपास जातो काटा, तिथे कुठे मारणार शंभर, समोरून एसटी आली म्हणजे? त्यात ८०० ला पॉवर स्टिअरिंग नाही, चाकं १२ इंची, खडा न खडा हाताला कळतो.

वळणवेडी:
उतरताना ९११ मध्ये होतास म्हणून ही पोस्ट टाकतोयस 😄 ८०० ला ना एबीएस ना एअरबॅग, मागे ड्रम ब्रेक. आणि ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं, वळणातून बाहेर पडताना थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की कशी मागून रेटते ते कमी स्पीडलाही कळतं, पण गिअर ऑटोवर टाकून नुसतं ब्रेक मारत उतरलं तर काय मजा येणार, डोंबल. स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल वापरलेस का?

गंगापूररोडकर:
भाऊ पॅडलला हात लावू देईल तर ना! शेजारी बसून सारखं "हळू, हळू".

सातपूरचा_फिटर:
मग कम्पॅरिझनच झालं नाही 😂 बरं, ८०० विकू नकोस. ओम्नीलाही तेच ७९६ सीसी इंजिन होतं, पार्टचं टेन्शन नाही. पत्रा बघ मात्र, दाराखालची पट्टी आधी सडते. आणि परत गडावर नेण्याआधी मागचे ब्रेक शू उघडून बघ, ब्रेक ऑइल बदल. आरसी रिन्यू आहे ना?

गंगापूररोडकर:
आरसी आहे. शू रविवारी उघडतो.