मोठ्या आतड्यातली चपटी गाठ: आधी भिंगातून बघा, मग आतडं कापायचं ठरवा

रत्नागिरीकर: कोलनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासताना, रुंद, चपटी गाठ दिसली की लगेच तपासणीसाठी तुकडा घ्यायचा आणि ‘आतडं कापावं लागेल’ म्हणून पेशंटला मुंबईला धाडायचं, हे मला पटत नाही. कॅन्सर अस्तराखालच्या थरात १ मिलिमीटरहून कमी शिरला असेल आणि बाकी धोक्याची लक्षणं नसतील, तर तो लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) गेलेला असण्याची शक्यता फार कमी. अशी गाठ दुर्बिणीतूनच निघते. मॅग्निफाइंग, म्हणजे भिंगाची दुर्बीण त्या खोलीचा अंदाज आधीच देते. गाठीवर क्रिस्टल व्हायोलेट हा रंग सोडला की अस्तर जांभळं होतं आणि त्यावरची बारीक छिद्रं उठून दिसतात. जपानच्या डॉ. कुडो यांनी त्यांचे प्रकार लावले: गोल, ताऱ्यासारखी, नळीसारखी, मेंदूच्या वळ्यांसारखी. पाचव्या प्रकारात नक्षी विस्कटते. ती पार पुसली गेली असेल तर गाठ बहुधा खोल गेलेली, मग ऑपरेशनच बरं.

कुडाळकर: साफ असहमत. आमच्याकडे शौचातून रक्त गेलं की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने चूर्ण खातात. माणूस गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात किंवा कोल्हापूरला पोचतो तोवर गाठीने आतडं अडवलेलं असतं. तिथे भिंग काय कामाचं? पैसा साध्या कोलनोस्कोपीवर घाला, तीही तालुक्याला.

चिपळूणची पॅथॉलॉजिस्ट: माझा आक्षेप वेगळा आहे. नक्षी विस्कटलेली, पण पुसलेली नाही, अशा मधल्या गटात उथळ आणि खोल दोन्ही गाठी सापडतात. शिवाय पेशी रक्तवाहिनीत शिरल्यात का, कडेला त्यांचे सुटे पुंजके आहेत का, हे भिंगातून कळत नाही. गाठ अखंड काढून माझ्या टेबलावर आली, की काचपट्टीवर खोली मोजता येते. खरा निकाल तोच.

रत्नागिरीकर: मॅडम, अखंड निघायला ती आधी उचलली जायला हवी ना! चपट्या गाठीचा तुकडा घेतला की खाली व्रण धरतो, मग सलाईन टोचूनही ती नीट फुगून वर येत नाही. म्हणून म्हणतो, जो काढणार आहे त्याने बघेपर्यंत तुकडा घ्यायचा चिमटा लावू नका, स्वच्छ धुऊन जवळून फोटो काढा. आणि कुडाळकर, याला नवं मशीन लागत नाही.

कुडाळकर: फोटोचं मान्य. पण तो बघून दोन दिवसांत उत्तर देणारा माणूस कोण, ते आधी ठरवा. नाहीतर पेशंट पुन्हा चूर्णाकडे वळतो.