पार्टनरच्या मागे लागू नका

आयटीतल्या दोन वर्षांनंतर मॅकिन्झी, बेनसारख्या कन्सल्टिंग कंपन्यांत ओळख कशी काढायची, या प्रश्नावर इथे बहुतेकांनी थेट पार्टनरला (म्हणजे कंपनीतल्या वरिष्ठ भागीदाराला) लिंक्डइनवर गाठायला सांगितलंय. मला नाही पटत. तुमच्याच कॉलेजमधून नुकतंच तिथे लागलेलं कुणीतरी शोधा. त्यांना मुलाखतीतल्या केसेस (सोडवायला दिलेले धंद्यातले प्रश्न) अजून ताज्या आठवतात, आणि रेफरलही (आतल्या माणसाची शिफारस) मिळू शकतो. पहिल्याच मेसेजात सीव्ही चिकटवू नका (हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही). वीस मिनिटं मागा, त्यांच्या कामाबद्दल विचारा. रेफरलने फार तर अर्ज वाचला जातो, केस तुम्हालाच सोडवायची असते. म्हणून सरावाला जोडीदार आत्ताच गाठा. पुणं सोडायचं नसेल तर झेडएस ही कन्सल्टिंग कंपनीही बघा, तिथलं काम बरंचसं औषध कंपन्यांचं असतं.