शब्दचर्चा : ‘कोशर’ला मराठीत काय म्हणावं?

जास्वंद
ठाण्याच्या आमच्या शेजारच्या मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी. आता त्या लेकीकडे इस्रायलमधल्या अश्दोदला राहतात. नुकत्याच न्यूयॉर्कला आल्या होत्या, तेव्हा त्यांना मॅनहॅटनमध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, ज्याला ‘करी हिल’ म्हणतात त्या भागातल्या एका कोशर (यहुदी धर्माच्या खाण्याच्या नियमांत बसणाऱ्या) शाकाहारी हॉटेलात जेवायला नेलं. दाराशी रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) सहीचं प्रमाणपत्र होतं. मावशींनी चष्मा लावून ते अक्षरन् अक्षर वाचलं, मुदत कधीपर्यंत आहे ते पाहिलं आणि मग निवांत बसून मसाला डोसा मागवला. परक्या गावात काही न विचारता मेन्यूतलं वाटेल ते मागवता येतं याचा त्यांना किती आनंद झाला होता! वडा-सांबार, उत्तप्पा, वर फिल्टर कॉफी, आणि टेंभी नाक्याच्या गप्पा. फार छान दुपार गेली.

सासूबाईंना फोनवर हे सांगत होते तर त्यांनी विचारलं, “कोशर म्हणजे सोवळ्यातलं का गं?” यावर चपखल मराठी शब्द सुचवा.

खडीसाखर
‘सोवळं’ नको. सोवळं हे स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगावर असतं. आंघोळ, धूतवस्त्र, शिवाशिव. तोच भात कुणी शिवला की ओवळ्यात गेला. कोशरचा भर पदार्थ, भांडी आणि स्वयंपाकघर यांवर आहे. (काही पदार्थांसाठी चूल यहुदी माणसानेच पेटवावी असा नियम आहे, पण तो वेगळा विषय.)

‘शाकाहारी’ही नको. खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा प्राणी कोशर, म्हणजे बोकड, मेंढी, गाय. डुकराचा खूर दुभंगलेला असतो पण ते रवंथ करत नाही, म्हणून बाद. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत, तेव्हा रोहू चालतो पण कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. मांस कापण्याची रीत ठरलेली आहे, आणि रक्त निघून जावं म्हणून ते पाण्यात भिजवून, जाड मीठ लावून तासभर ठेवतात.

जास्वंद
मग शाकाहारी हॉटेलाला प्रमाणपत्र कशाला लागतं?

खडीसाखर
किडे वर्ज्य आहेत, म्हणून पालेभाजी पान न् पान बघून निवडावी लागते. चीज घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असू शकतं. व्हिनेगर द्राक्षाच्या दारूपासून केलेलं असेल तर ती दारूही कोशर हवी. हे सगळं बघायला देखरेख करणारा माणूस असतो, त्याला ‘मशगिआख’ म्हणतात.

अलिबागकर
आमच्या बाजूला बेने इस्रायल लोकांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. दाविद राहबी नावाचे गृहस्थ कोकणात आले, त्यांनी बेने इस्रायल बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि बायकांनी खवल्यांचे तेवढे वेगळे काढले, त्यावरून हे लोक यहुदी असल्याची राहबींची खात्री पटली, अशी या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण आहे.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हे वाक्य तोरामध्ये (यहुद्यांच्या धर्मग्रंथात) तीनदा येतं. त्यावरून दूध आणि मांस एका जेवणात नाही, भांडीसुद्धा वेगळी. दुधाचं ते ‘हलावी’, मांसाचं ते ‘बसारी’, आणि दोन्हींत नाही ते ‘पार्वे’. आता नारळ बघा. झाडाचं फळ, म्हणजे पार्वे! मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध, यहुदी नव्या वर्षाच्या हलव्यालाही नारळाचं दूध. मटणावर ताक चालणार नाही, पण सोलकढीची वाटी खुशाल घ्यावी. कोकणाने या लोकांना केवढी सोय करून दिली! माझ्या मते या शब्दाला भाषांतर नकोच. कोकणातल्याच लोकांचा शब्द आहे, ‘कोशर’ मराठी म्हणूनच वापरा.

शब्दवेडा
हिब्रूत मूळ शब्द ‘काशेर’. अर्थ योग्य, उचित. ‘कोशर’ हा उच्चार यिद्दिश या युरोपातल्या यहुद्यांच्या भाषेतून इंग्रजीत आला. पण तोरातल्या लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात प्राण्यांची यादी आहे तिथे ‘काशेर’ नाही, ‘ताहोर’ आणि ‘तामे’ आहेत, म्हणजे शुद्ध आणि अशुद्ध. तेव्हा कुणी ‘शुद्ध’ सुचवलं तर त्याला आधार आहे. पण मराठीत ‘शुद्ध’ म्हटलं की साजूक तूप नाहीतर ‘शुद्ध शाकाहारी’ची पाटी डोळ्यांपुढे येते.

सासूबाईंना सांगायचं तर आपल्या घरातलंच क्रियापद आहे: चालणं. ‘उपासाला चालतं का?’ साबुदाणा चालतो, भगर चालते, पोहे चालत नाहीत. पोहे काही अपवित्र नाहीत, पण त्या दिवशी, त्या नियमात ते बसत नाहीत. शिवाय एका घरात उपासाला कोथिंबीर चालते, दुसऱ्या घरात नाही. तिथेही तसंच आहे. मांस खाल्ल्यावर दूध घ्यायला कुणी 6 तास थांबतात, जर्मन यहुद्यांत 3 तासांची चाल आहे, हॉलंडच्या लोकांत 1 तासाची. म्हणून ‘कोशर हॉटेल’ म्हणजे ‘जिथलं सगळं त्यांना चालतं असं हॉटेल’. नाम म्हणून कोशरच ठेवा, अर्थ सांगताना ‘चालणारं’ म्हणा.

खडीसाखर
‘चालणारं’ एकदम पटलं. ‘हलाल’चा अर्थही मुभा असलेलं असाच आहे, पण दोन्ही एक नाहीत. उंट हलाल आहे, कोशर नाही.

पेठकर
इंग्रजीत ‘हे काही कोशर वाटत नाही’ असं व्यवहाराबद्दलही म्हणतात. तिथे ‘चालणारं’ कामाचं नाही. ‘यात काहीतरी काळंबेरं आहे’ हेच लिहा.

जास्वंद
सासूबाईंना ‘त्यांना चालणारं’ सांगितलं, लगेच कळलं. आता मावशींच्या मुक्कामात एकदा मटणाच्या कोशर हॉटेलात जायचा बेत आहे. त्यांना जेवणावर चहा लागतो. तो मिळेल का?

अलिबागकर
कोरा मिळेल, किंवा सोयाच्या नाहीतर बदामाच्या दुधाचा. गायीच्या दुधाचा तिथे मागू नका. आणि शुक्रवारी संध्याकाळचा बेत ठेवू नका ताई, साबाथसाठी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या त्यांच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, अशी हॉटेलं सूर्यास्ताआधीच बंद होतात.