कुठल्या शहराने तुम्हाला गाडी घुसवायला शिकवलं? (अमेरिकावासीयांसाठी)

सुपारी_फुटेना

लेकीला गेल्या महिन्यात लर्नर्स परमिट मिळालं. नॉर्थ कॅरोलिनात १५ व्या वर्षी मिळतं, त्यामुळे शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबायची पाळी माझ्यावर जरा लवकरच आली. काल एका राउंडअबाउटपाशी ती थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. डावीकडून लांबवर एक गाडी येत होती, ती आधी जाऊ दे म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं घुसव!" ती शांतपणे म्हणाली, "आई, हे बॉस्टन नाहीये."

बॉस्टन सोडून मला ११ वर्षं झाली हो! पण हातातून गेलेलं नाही. २००५ साली तिथे गेले तेव्हा माझा अनुभव म्हणजे पुण्यात स्कूटी. तिथल्या एका सहकारी काकूंनी शिकवताना पहिला धडा दिला तो असा: चौकात कुणाच्याही डोळ्यांत बघायचं नाही. बघितलंस की त्याला कळतं तू त्याला पाहिलंयस, मग थांबायचं तुलाच. कायदा सांगतो की गोलात जो आहे त्याचा हक्क पहिला. स्थानिक व्याख्या अशी की गाडीचं नाक गोलात शिरलं की तुम्ही गोलात. सिग्नल हिरवा व्हायच्या आत समोरचा डावीकडे वळून मोकळा. लेन कुठे संपते ते लेन संपल्यावरच कळतं. आणि १ सप्टेंबर! निम्म्या शहराचे भाडेकरार त्याच दिवशी बदलतात, बाहेरगावची पोरं सामानाचे ट्रक घेऊन स्टोरो ड्राइव्हला शिरतात आणि तिथल्या बुटक्या पुलांखाली टप सोलवटून घेतात. 'फक्त मोटारी' अशी पाटी असते, वाचतं कोण. लोकांनी त्याचं क्रियापद करून टाकलंय, ट्रक 'स्टोरो' झाला म्हणतात. तिथल्या चालकांना बाकीचे लोक 'मॅसहोल' अशी जी शिवी देतात ती २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात गेली, आणि बॉस्टनकरांना त्याचा अभिमान वाटतो, काय बोलणार.

इथे आमच्या राली शहरात हॉर्न वाजवला तर लोक वळून बघतात, ओळखीचं कोण आहे म्हणून.

तर तुमचं शहर, तिथली खोड, आणि ती तुमच्या हातात किती भिनलीय ते लिहा. कुकरची शिट्टी झाली, पळते.

जर्सीकर_नामू

डाव्या लेनमध्ये ८० ने चाललोय. मागचा डिपर मारतोय. उजवीकडे घेतलं, तो गेला, त्याच्या मागचा आता मला डिपर मारतोय. संपलं वर्णन टर्नपाइकचं, म्हणजे आमच्या टोल हायवेचं.

जगहँडल विसरू नका. डावीकडे वळायचं तर आधी उजवीकडे बाहेर पडायचं, गोल फिरून आडव्या रस्त्याला लागायचं. सासरे पहिल्यांदा आले तेव्हा रूट १ वर तीनदा म्हणाले, "जावईबापू, डावीकडे म्हणाला होतात ना?" चौथ्यांदा बोललेच नाहीत, परत जाईपर्यंत.

आणि आम्ही पेट्रोल स्वतः भरत नाही, राज्यात मनाईच आहे, १९४९ पासून. एकदा कनेटिकटमध्ये पंपावर पाच मिनिटं काच खाली करून बसलो होतो.

वाचनमात्र

काच खाली करून :हहपुवा:

तीन_नद्यांवर

सुपारी, तुझा तो हिरव्या सिग्नलचा किस्सा वाचून गंमत वाटली, कारण पिट्सबर्गलाही डिट्टो तेच वळण घेतात, फक्त इथे ते दान असतं. हिरवा पडला की सरळ जाणारा आपणहून थांबतो आणि समोरच्या पहिल्या डावीकडे वळणाऱ्याला सोडतो. फक्त पहिल्याला बरं का. दुसरा घुसला तर शिव्या. रस्ते अरुंद, वळणाऱ्यांना वेगळी लेन नाही, एकाला नाही सोडलं तर मागचे वीस अडकतात. 'पिट्सबर्ग लेफ्ट' म्हणतात. कायद्यात कुठेही नाही. मी नवीन होतो तेव्हा मला वाटायचं समोरच्याला झोप लागलीय, मी आपला जागेवरच. तो हात हलवतोय, मी पण हात हलवला, ओळख दाखवतोय वाटलं.

आक्रमकपणा शून्य. पण बोगद्याच्या तोंडाशी ५५ चे ३५ का करतात हे मला आजतागायत कळलेलं नाही. आत काय, वाघ बसलाय?

केटीची_ताई

ह्यूस्टनला या सगळे. केटी फ्रीवेला बाजूचे फीडर रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन भरतात. २६! आणि ज्याला एक्झिट घ्यायचीय तो हमखास सर्वात डावीकडे असतो आणि अर्ध्या मैलात आडवा येतो. पिकअपवाल्याचे दिवे बरोबर आपल्या आरशाच्या उंचीला. रात्री गाडीत सत्यनारायणाची आरास केल्यासारखा उजेड.

चेष्टा सोडा, एक खरं सांगते. नवऱ्याने एकदा असाच कट मारणाऱ्यावर लांब हॉर्न दिला. तो पुढे जाऊन हळू झाला, आम्हाला पुढे जाऊ दिलं, आणि मग मागे लागला. तीन एक्झिट. मी म्हटलं घरी नको नेऊस, घर दिसेल. गर्दीच्या किराणा दुकानाच्या दारासमोर नेऊन थांबवली. तो दोन मिनिटं लांब उभा राहिला आणि गेला. मागे पोरं झोपली होती. टेक्सासमध्ये कुणाच्या गाडीत काय असेल सांगता येत नाही. तेव्हापासून चूक कुणाचीही असो, मी हात वर करून सॉरी म्हणते.

पण हेच लोक गावाकडच्या दुपदरी रस्त्यावर आपल्याला पुढे जाता यावं म्हणून आपणहून शोल्डरवर घेतात. वेगळीच माणसं वाटतात.

पत्ता_विचारू_नका

बाप रे केटीताई. बरं केलंत घरी नेली नाहीत.

दोन_मुलं_एक_कुत्रा

धाग्याशी संबंध नाही, पण गाडीची चर्चा चाललीच आहे तर: ओडिसी की सिएना? आईबाबा सहा महिने येतायत, दोन कारसीट, कुत्रा. बाबांचे गुडघे दुखतात.

कटाची_आमटी

फिलाडेल्फिया. माझं नाव इथल्या ड्रायव्हिंगमुळेच बदललंय, आधी मी निशिगंध होते.

होळीचं पॉटलक, माझ्याकडे आमटी. ३० माणसांची. मोठं पातेलं मागच्या सीटखाली, झाकणाला कणीक लावून बंद केलेलं (आईची युक्ती). स्कुलकिल एक्स्प्रेसवे, ज्याला लोक 'शुअर-किल' म्हणतात. तिथले रँप इतके आखूड की तुम्ही वेग घेईपर्यंत रँप संपतो, मग येणारा आधी घुसतो आणि वेग मागाहून घेतो. एक असाच घुसला. मी ब्रेक दाबला. कणीक टिकली हो, पण पातेलंच कलंडलं आणि मग कणकेने हात टेकले.

तीन वर्षं झाली. पावसाळी हवा पडली की गाडीत गोडा मसाला येतो. पार्किंगवाल्या पोराने एकदा विचारलं, कुठल्या रेस्टॉरंटचं आहे, छान वास आहे.

लिंबूटिंबू

बेकिंग सोडा रात्रभर पसरून ठेव, सकाळी व्हॅक्यूम. हळदीचा डाग उन्हाने जातो, कार्पेट सुटं होत असेल तर अंगणात टाक.

कटाची_आमटी

सुटं नाही होत गं. दारं उघडी टाकून उन्हात गाडीच उभी केली होती, खारी आत शिरल्या.

जर्सीकर_नामू

फिलीला साउथ ब्रॉडवर लोक रस्त्याच्या मधोमध गाड्या लावून जातात ते खरं का?

कटाची_आमटी

खरं. दोन्हीकडून रहदारी, मध्ये गाड्यांची शांत रांग. कुणी काही म्हणत नाही.

बेल्टवेचा_बळी

व्हर्जिनियात राहणाऱ्यांनी आणि जर्सीहून खाली येणाऱ्यांनी नीट वाचा. इथे मर्यादेपेक्षा २० मैल जास्त, किंवा मर्यादा काहीही असो, ८५ च्या वर, म्हणजे तिकीट भरून मोकळं होत नाही. रेकलेस ड्रायव्हिंग. फौजदारी गुन्हा. मी ७० च्या रस्त्यावर ८७ ने होतो, गाणी लागलेली, सगळेच तसे चाललेले. मामा मागे लागले. मला वाटलं फार तर दोनशे डॉलर. कागद हातात आला त्यावर कोर्टाची तारीख! वकील केला, आठ तासांचा क्लास केला, शेवटी साध्या वेगाच्या गुन्ह्यावर आलं. एच-१ व्हिसावर होतो तेव्हा. झोप उडाली होती. रडार डिटेक्टर घ्यावा म्हटलं तर तोही या राज्यात बेकायदा.

परिणाम असा की व्हर्जिनियाची नंबरप्लेट डाव्या लेनमध्ये बरोबर ६४ ने चालते आणि मेरीलँडची प्लेट तिच्या बंपरला चिकटून. बेल्टवेवरचं, म्हणजे वॉशिंग्टनभोवतीच्या रिंगरोडवरचं, भांडण सगळं हेच. बायको मेरीलँडच्या ऑफिसात जाते, त्यामुळे हे भांडण आमच्या घरातही आहे.

ऑलस्टेट विमा कंपनी सुरक्षित ड्रायव्हिंगच्या शहरांची यादी काढते त्यात तळाशी बहुतेक वेळा बॉस्टन, वॉशिंग्टन आणि बॉल्टिमोर. सुपारीताई, अभिनंदन, शेजारी आहोत.

चहा_गार_झाला

पुण्यातून लिहितोय. तुमची दुःखं वाचून डोळे पाणावले. संध्याकाळी सहाला सिंहगड रोडला या, मग बोलू.

सुपारी_फुटेना

चहा, तुझं म्हणणं मान्य, पण इथे वेग ७०. तिकडे सगळे सगळ्यांना धरूनच चालतात, रिक्षा कुठूनही येणार हे आपल्या पायाला माहीत असतं. कोपर घासलं, दोन शब्द झाले, पुढे. इथे समोरचा नियम पाळणार हे गृहीत धरून लोक डोळे मिटून जातात, मग एकाने मोडला की सहा गाड्या. गेल्या डिसेंबरात तिकडे आले तेव्हा भावाच्या मागे बसून किंचाळत होते, आणि हीच मी लेकीला घुसव म्हणते.

चहा_गार_झाला

हे पटलं. (तरी या.)

रेनकोटवाली

सिॲटल. चार स्टॉप साइनचा चौक, चार गाड्या, चौघेही हात हलवतायत, "तुम्ही जा", "छे छे, तुम्ही". लखनौचे नवाब बरे. शेवटी पाचवा सायकलवाला जातो.

पण फ्रीवेवर मर्ज व्हायला जा. इंडिकेटर दिसला की तोच नवाब हळूच वेग वाढवून फट बुजवतो, आपल्याकडे न बघता. आणि डावी लेन त्याच्या तीर्थरूपांची, ५८ च्या वर जाणार नाही. मला तो शिव्या देणारा जर्सीवाला परवडला, निदान मनात काय आहे ते कळतं.

चारशेपाच

एलए. रेनकोटवाली, आमच्याकडे पण इंडिकेटर म्हणजे शत्रूला बातमी देणं. हॉर्न नाही, राग नाही, सगळे गॉगल लावून निवांत, आणि त्याच निवांतपणे ८० ला तुमच्यासमोर एका गाडीएवढ्या जागेत शिरतात.

पॅसाडिनाचा ११० माहीत असेल तर दंडवत घाला. १९४० चा रस्ता आहे, तेव्हाच्या गाड्यांच्या मानाने बांधलेला. काही रँपच्या टोकाला चक्क स्टॉप साइन. शून्यावरून निघायचं आणि धावत्या रांगेत उडी मारायची. मी आधी गजाननाचं नाव घेतो, मग ॲक्सिलरेटर. दोन लेनच्या मधून मोटरसायकली जातात ते इथे कायदेशीर आहे. आमच्या आईला या देशातली तेवढी एकच गोष्ट घरची वाटली.

झिपर_पीडित

मिनियापोलिस. एक लेन बंद असेल तर शेवटपर्यंत जा आणि एकाआड एक मिसळा, असं सरकार स्वतः सांगतं. पाट्या लावतात. तरी लोक मैलभर आधीच एका रांगेत उभे, दुसरी लेन रिकामी, आणि तिच्यातून पुढे जाणाऱ्याकडे अशा नजरेने बघतात की रेशनच्या रांगेत घुसलाय. नवरा मूळ जर्सीचा. तो सुसाट शेवटपर्यंत जातो. मी सीटमध्ये खाली सरकून बसते. कायद्याने आम्ही बरोबर आहोत हे तो दर वेळी मोठ्याने सांगतो.

पीचट्री_नंबर_नऊ

अटलांटाचं २८५, म्हणजे आमचा रिंगरोड, ही शर्यतच, ते सगळ्यांना माहीत आहे. मला २८ जानेवारी २०१४ आठवला. दोन इंच बर्फ. शाळा, ऑफिसं एकदमच सोडली, सगळं शहर एका वेळी रस्त्यावर. मला घरी पोचायला १५ तास. जे लोक रोज एकमेकांना ओरबाडतात ते उतरून अनोळखी माणसांच्या गाड्या ढकलत होते. एका बाईंनी घरात नेऊन बाथरूम वापरू दिलं, वर केळं दिलं. दोन दिवसांत बर्फ वितळला, परत २८५ वर मधलं बोट.

तीन_नद्यांवर

केळं :)

विंडी_विठू

शिकागोत चालवताना नाही, पार्क करताना मारामारी. आपण फावड्याने बर्फ काढला की ती जागा आपली, खुर्ची ठेवून जायचं. 'डिब्स'. खुर्ची हलवणाऱ्याच्या गाडीचं काय होतं ते विचारू नका. आमच्याकडे जुनी खुर्ची नव्हती, बायकोने चौरंग ठेवला. चार दिवस कुणी हात लावला नाही. शेजारचा पोलिश म्हातारा विचारत होता, हे काही धार्मिक आहे का? मी हो म्हटलं.

केटीची_ताई

चौरंग!! हसून हसून ऑफिसात सगळे बघतायत.

सुपारी_फुटेना

विठू, भारी. तेवढी रांगोळी काढायची राहिली.

आज परत त्याच राउंडअबाउटला गेलो. मी तोंडावर हात ठेवून बसले होते. लेक म्हणाली, "आई, पाय पण."

दोन_मुलं_एक_कुत्रा

माझा प्रश्न राहिलाच. पण सिएना बुक केली, बाबांच्या गुडघ्यांना चढउतार बरी पडेल म्हणून. आतला रंग निवडायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. करडा की बेज?

कटाची_आमटी

हळदी मिळतो का बघ.